दोन बोटांची फट

१

सप्टेंबरातला दुसरा मंगळवार होता. शाळेच्या ग्रंथालयात मी कणा सुटलेल्या पुस्तकांना कापडी पट्टी चिकटवत बसले होते, तेव्हा नेल ऑगलट्रीचा फोन आला. आमच्या चर्चच्या जेवणाची व्यवस्था नेल बघते. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी चर्चचा मेळावा असतो. गाव सोडून गेलेली माणसं त्या दिवशी परत येतात, प्रार्थना होते आणि मग पिकानच्या, म्हणजे अक्रोडासारखी फळं येणाऱ्या झाडांखाली, सिमेंटच्या लांब टेबलांवर पानं मांडली जातात. कुठल्या घराने काय आणायचं हे कुठेही लिहिलेलं नाही, पण कधी चुकत नाही. पहिल्या टेबलाच्या टोकाला डुकराचा खांदा असतो. मंद आचेवर दिवसभर धुरी देऊन भाजलेला, हात लावताच धागे सुटणारा. तो पीवींच्या, म्हणजे आमच्या घरचा. माझ्या सासऱ्यांच्या वडिलांपासून.

नेलने आधी हवेची चौकशी केली, मग माझ्या गुडघ्याची. मग म्हणाली की यंदा खांद्याचं मी मनावर घेऊ नये, ते काम दुसऱ्या एका घराला दिलं आहे. मी आपली बटाट्याची कोशिंबीर आणावी.

हे कुणी सुचवलं, असं मी विचारलं. ती म्हणाली, डेनाशी बोलणं झालं होतं.

डेना माझी एकुलती मुलगी. नवऱ्यामुलांसह मेकनला राहते, गाडीने दोन तासांवर. ती तीन आठवड्यांपूर्वी येऊन गेली होती आणि माझ्या कचऱ्याच्या डब्यात तिला सुपाचे रिकामे डबे दिसले होते. नुसतेच डबे. माझा नवरा व्हर्लन मार्चमध्ये गेला. तेव्हापासून मी हे घर विकून तिच्याकडे राहायला यावं असं तिचं चाललं होतं.

मी नेलला सांगितलं, खांदा आमच्याच घरून येईल. संध्याकाळी डेनाचा फोन आला. अपेक्षा होतीच.

"आई, कोण करणार आहे खांदा?"

"मी."

"तू आजवर त्या भट्टीला हात लावला नाहीस. बाबा लावूच द्यायचे नाहीत."

"बघितलंय की तीस वर्षं."

तिच्या बापासारखीच, सौदा करताना ती आधी गप्प होते. "बरं. भट्टी मांडायला हॉइटकाकांना बोलाव, माझी हरकत नाही. पण शिजवायचा तू, एकटीनं. जमला तर घराचं नाव मी पुन्हा काढणार नाही. नाही जमला तर नाताळच्या आत तू इकडे यायचं. कुरकुर न करता."

"कबूल."

"शब्द दे."

मी शब्द दिला. फोन ठेवल्यावर मागच्या अंगणात जाऊन व्हर्लनची जुनी भट्टी बघितली. पिंप आडवं कापून केलेली ती भट्टी होती. तिच्या बुडातून बोट आरपार जात होतं. शिवाय तिला तासातासाला लाकूड घालावं लागायचं. त्याच संध्याकाळी मी एक सिरॅमिकची भट्टी मागवली. अंड्याच्या आकाराची, हिरवी, जाड कवचाची. एकदा पेटवून वरची आणि खालची हवा बेताची ठेवली की अठरा तास तीच आच धरून ठेवते, असं दुकानदार म्हणाला होता. एकट्या बाईला जमेल असं. हे तो म्हणाला नव्हता, ते मी ठरवलं.

२

पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी दुपारी ट्रकवाल्यांनी खोकं गाडीच्या वाटेवर ठेवलं, सही घेतली आणि गेले. हॉइट माझा धाकटा दीर, ट्रॅक्टर दुरुस्त करतो. खोक्याभोवती एक चक्कर मारून त्याने टोपी मागे सरकवली.

"वहिनी, ही भट्टी आहे का पाण्याची टाकी?"

"उचलायची आहे, भाऊजी. नाव नंतर ठेवा."

सूचनांचं पुस्तक मी आदल्या आठवड्यातच त्यांच्या संकेतस्थळावर दोनदा वाचलं होतं. आधी आतलं सगळं बाहेर काढायचं: जाळी, वरचं कडं, आणि ज्यात कोळसा राहतो ती मातीची शेगडी. मग नुसतं कवच उचलायचं. एक हात खालच्या हवेच्या तोंडात, दुसरा मागच्या बाजूला बुडाखाली. बिजागरीला धरून उचलायचं नाही, कितीही सोयीचं वाटलं तरी. हॉइटने बिजागरीलाच हात घातला, मी ओरडले, त्याने हात काढला.

आतले भाग काढल्यावर वजन पुष्कळ कमी होतं, असं पुस्तकात होतं. आम्ही उचललं. मला काही ते कमी वाटलं नाही. मध्येच दोनदा टेकवावं लागलं. हॉइटचा चेहरा बिटासारखा झाला होता.

"वहिनी, तुम्ही तुमची बाजू उचलताय ना? का नुसता हात लावून आशीर्वाद देताय?"

मी उचलतच होते. माझी मनगटं नंतर चार दिवस दुखत होती.

मागच्या ओट्यावर सपाट जागा एकच आहे, मागच्या खोलीच्या खिडकीपाशी. तिथे चाकांची लोखंडी चौकट उभी केली, भट्टी तिच्यात बसवली, चाकांना खुट्ट्या लावल्या. हॉइटने झाकणाचे पट्टे आवळले, आतली शेगडी खाली सोडली आणि पहिल्या आगीसाठी लोणारी कोळसा भरला. माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा धडा त्याने शेवटी दिला. आत आग कोंडलेली असताना झाकण एकदम उघडायचं नाही. आधी दोन बोटं मावतील एवढीच फट. थांबायचं. हवेला सावकाश आत जाऊ द्यायचं. मग उघडायचं. नाहीतर हवा मिळाल्याबरोबर जाळ तोंडावर येतो.

"लेस्टरचं माहीत आहे ना? भुवया गेल्या त्याच्या. महिनाभर चर्चच्या गायनात आश्चर्यचकित होऊन उभा होता."

मी हसले. मार्चनंतर त्या ओट्यावर कुणी हसलं नव्हतं, हे नंतर लक्षात आलं.

तो गेल्यावर मी ओलं फडकं घेऊन भट्टी पुसली. झाकणावर फॅरनहाइटचा तापमापक आहे, घड्याळासारखा गोल. काटा शंभराच्या रेघेच्या केसभर अलीकडे होता. बाहेर तेव्हा पंच्याण्णव होतं आणि चिलटं डोळ्यांत जात होती. त्यात विशेष काही नव्हतं.

३

रविवारी सकाळी सहाला मी कॉफी घेऊन ओट्यावर आले. गारवा होता. खांबावरच्या जुन्या तापमापकात अडुसष्ट. भट्टीचा काटा शंभराच्या केसभर अलीकडे.

जाड माती ऊन धरून ठेवते, असं मी स्वतःला सांगितलं. त्यासाठीच तर ती घेतली. हात लावून बघितला. कवच बाहेरून गार होतं, दवाने ओलं. मग काटा अडकला असेल. नवीन वस्तूत असं होतं.

सोमवारी शाळेतून आल्यावर बघितलं. मंगळवारी सकाळी बघितलं. तिथेच. पुस्तकात तापमापक तपासायची रीत दिलेली होती: स्क्रू सैल करून काढायचा, त्याची सळई उकळत्या पाण्यात धरायची, दोनशे बारा दाखवलं तर ठीक. मी पातेलं ठेवलं. काटा सरळ दोनशे बारावर गेला. नळाच्या पाण्याखाली धरला, तर सत्तरावर उतरला. म्हणजे अडकलेला नव्हता. झाकणात परत बसवला आणि समोर खुर्ची ओढून बसले. दहा मिनिटांत तो चढत चढत शंभराच्या अलीकडे आला आणि थांबला.

मग मी मांसाच्या आतली उष्णता मोजायची टोचणी आणली. तिच्यात आकडे स्पष्ट दिसतात. झाकणाच्या टोकावरची हवेची चकती बाजूला करून ती भोकातून आत सोडली. अठ्ठ्याण्णव. आणि पुढे बिंदू देऊन सहा.

ज्या बाईने मूल वाढवलं आहे तिला हा आकडा कुणी सांगावा लागत नाही.

मी टोचणी धुऊन ठेवून दिली. आकडा योगायोगानेही येतो. कोळशात ओल असेल, ओलसर गोष्टी आतून तापतात. गवताच्या गंजी तापतात, हे शेतकरी सांगतात. कोळसा असा तापतो की नाही, मला माहीत नाही. शोधून बघता आलं असतं. मी बघितलं नाही. त्या रात्री डेनाने फोनवर विचारलं की भट्टी पेटवून बघितलीस का. मी म्हटलं, अजून नाही. तुझा आवाज असा का येतोय, असं तिने विचारलं. मी सर्दीचं नाव सांगितलं. कारण मला नीट कळत होतं की हे बोलायला तोंड उघडलं तर रविवारपर्यंत सामान बांधून होईल. नवरा गेलेली बाई, एकटी राहते, सुपाचे डबे खाते, आणि आता तिला न पेटवलेली भट्टी गरम लागते.

४

बुधवारी दुपारी चार वाजता मी हवा तपासायला बसले. खालच्या हवेच्या तोंडाची झडप बोटभर उघडली, वरची चकती उघडली. हवा खालून आत शिरून वर निघाली पाहिजे. आग नसली तरी थोडी ओढ असते. ती बघायला माझ्याकडे ग्रंथालयातला अगदी पातळ कागद होता, फाटक्या पानांना लावतात तो. त्याची एक पट्टी कापून झडपेपाशी धरली.

पट्टी आत ओढली गेली. क्षणभर तशीच राहिली. मग बाहेर आली, माझ्या मनगटाकडे वाकली. परत आत.

वारा नव्हता. पिकानचं पान हलत नव्हतं. मी खुर्ची पुढे घेतली. आत, बाहेर. आत, बाहेर. सावकाश, जरा खोल, मग थोडं उथळ. सात वेळा. मग पट्टी सरळ लोंबत राहिली.

मी मोजायला लागले. ठरवून नाही. ते आपोआप सुरू झालं. एक्केचाळिसाला पट्टी पुन्हा आत गेली.

ज्या खिडकीखाली मी बसले होते त्या खोलीत व्हर्लन शेवटचे पाच आठवडे होता. फुप्फुसं दोन्ही गेली होती. अखेरच्या दोन दिवसांत त्याचा श्वास असाच चालायचा. सहा-सात श्वास, मग काहीच नाही, मग पुन्हा. नर्सने सांगितलं होतं की हे असं होतं, घाबरू नका. घाबरू नये म्हणून मी मोजत असे. तीस. पस्तीस. एकदा चव्वेचाळीस. मग छातीतून तो आवाज यायचा आणि मीही श्वास घ्यायची. शेवटच्या दुपारी असाच खंड पडला असताना स्वयंपाकघरात किटली वाजायला लागली. मी अडतिसावर होते. गॅस बंद करून लगेच आले. आले तेव्हा तो शांत होता. मी बसले आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागले, आणि त्या मोजण्याला शेवट आला नाही.

मी नसताना त्याने एखादा श्वास घेतला असेल का, आणि घेतला असेल तर माझं नाव घेऊन काही म्हणाला असेल का, हे मला माहीत नाही. हे मी कुणाला विचारलेलंही नाही. कुणाला विचारणार?

पट्टी सात वेळा हलली आणि थांबली. मी उठून घरात गेले. भांडी घासली. घासलेली भांडी पुन्हा घासली.

५

गुरुवारी संध्याकाळी, अजून उजेड होता तेव्हा, हॉइटला बोलावलं. हवेची ओढ बरोबर वाटत नाही, एवढंच सांगितलं. त्याने सिगारेट पेटवली आणि झडपेपाशी धरली. धूर जागच्या जागी उभा राहिला. आतही गेला नाही, बाहेरही आला नाही.

मी बघत होते. मला बरं वाटायला हवं होतं.

हॉइट पोटावर आडवा झाला आणि झडपेतून विजेरी मारली. थोड्या वेळाने तो हसायला लागला.

"वहिनी, कुणाला सांगू नका. माझी चूक आहे." आतल्या शेगडीच्या बुडाशी एक भोक असतं आणि ते बरोबर झडपेसमोर यावं लागतं. त्याने शेगडी उलटी सोडली होती. भोक मागच्या बाजूला, आणि झडपेसमोर सपाट भिंत. "ट्रॅक्टर उघडून पुन्हा जोडतो मी, आणि एक मडकं सरळ बसवता आलं नाही. ह्यातून डास आत जायचा नाही."

"अजिबात हवा जात नसेल?"

"अजिबात. हे पेटलंच नसतं. पेटलं असतं तरी गुदमरलं असतं बिचारं."

तो उठून उभा राहिला आणि कपडे झटकू लागला. मी खिडकीच्या चौकटीला धरून होते. हवा जात नव्हती तर काल कागद कसा हलला, हा प्रश्न मी दोन्ही बाजूंनी फिरवून बघितला. माझाच हात हलत असेल. माझाच श्वास कागदाला लागत असेल. हे पटण्यासारखं होतं. पण मग एक्केचाळीस मोजेपर्यंत मी श्वास धरून बसले होते, असं म्हणावं लागेल.

हॉइटने झाकण पूर्ण उघडलं. आत कोळसा होता, त्याने भरला होता तसाच. बादलीने तो बाहेर काढला, शेगडी उचलून फिरवली, भोक झडपेसमोर आणलं, पुन्हा कोळसा भरला आणि दोन्ही हातांनी त्याचा मधे उंच असा ढीग केला. असा ढीग केला की मधून पेटतं आणि कडेला पसरतं. झाकण लावताना त्याने तळहात झाकणावर ठेवला आणि तो लगेच उचलला नाही.

"ऊन लागलंय चांगलंच," तो म्हणाला.

दिवसभर ढग होते. जाताना नेहमी तो काहीतरी चेष्टा करतो, त्या दिवशी नुसतंच "येतो" म्हणाला.

शुक्रवारी शाळेत जाण्याआधी मी पातळ कागदाची नवी पट्टी कापली. झडप बोटभर उघडून धरली. पट्टी आत गेली, बाहेर आली. आत, बाहेर. मी मोजायला तयार होते. पण आता मधे खंड नव्हता. सात झाले, आठ झाले, वीस झाले. एकसारखे, हलके, पुरेसे. निवांत झोपलेल्या माणसाचे असतात तसे. जानेवारीनंतर असा श्वास मी ऐकला नव्हता.

साडेनऊला शाळेतून फोन आला की मी कुठे आहे. मी ओट्यावरच बसलेली होते.

६

मेळाव्याच्या रविवारपर्यंत अजून आठवडा होता. हे आठ दिवस मी पहिली आग करायचं टाळत राहिले. पहिली आग मंद करायची असते, नाहीतर काठाची फेल्टची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची पट्टी जळते. रोज संध्याकाळी मी ठरवत असे आणि रोज काहीतरी निघे. शेवटी ठरवलं की खांद्याचीच आग पहिली, तीही मंदच असते.

मेळाव्याच्या आदल्या शुक्रवारी खांदा आणला. मीठ, लाल तिखट आणि तपकिरी साखर चोळली. व्हर्लन चोळायचा तसं, आधी चरबीच्या बाजूला. माझ्या डोक्यात सगळं स्पष्ट होतं. आत कोळसा आहे. कोळशाला आग लावायची. दहा तास थांबायचं. रविवारी टेबलाच्या टोकाला ताट ठेवायचं आणि डेनाकडे बघायचं. मग हे घर माझं, ही खोली माझी, ही खिडकी माझी. कुणी विचारायला येणार नाही.

शनिवारी सकाळी साडेसहाला मी काडेपेटी आणि कोळसा पेटवायचे मेणाचे दोन तुकडे घेऊन ओट्यावर उभी राहिले. उजाडलं होतं. मांस आत टेबलावर होतं. हॉइटच्या घरी कुत्रा भुंकत होता.

आत आग नव्हती. दोन बोटांची फट करायची काहीच गरज नव्हती. तरी मी झाकण तसंच उचललं. दोन बोटं. थांबले.

फटीतून आलेली हवा गरम नव्हती. कोमट होती. तिला धुराचा वास नव्हता. कोळशाचाही नव्हता. मी ती ओळखली, आणि कशावरून ओळखली हे मी इथे लिहिणार नाही.

वाकून आत बघितलं. उजेड पुरेसा होता. हॉइटने केलेला ढीग मधे उंच होता, हे मी स्वतः बघितलं होतं, आणि मधल्या काळात झाकण कुणी उघडलं नव्हतं. आता मधे खळगा होता. उथळ, गोल, एका बाजूला जरासा जास्त दबलेला. सकाळी उशी असते तसा. मी बघत असताना खळग्याच्या काठावरचा एक छोटा तुकडा सुटून घरंगळला. मग खळग्याचा तळ किंचित खाली गेला, आणि पुन्हा वर आला.

ह्यापेक्षा जास्त मी बघितलं नाही. बघता आलं असतं. झाकण हातातच होतं, आणखी चार बोटं उचललं असतं तर ऊन आत पडलं असतं. माझ्या दुसऱ्या हातात काडेपेटी होती. मी झाकण खाली आणलं, आपटू न देता, फेल्टवर फेल्ट टेकेपर्यंत.

काड्या मी स्वयंपाकघरात नेऊन ठेवल्या. मग खांदा कागदात गुंडाळला आणि फ्रीजमध्ये ठेवला. साडेसात वाजले होते. अजून वेळ होता. नऊपर्यंत वेळ होता. दहालाही पेटवली असती तरी चाललं असतं. घरातल्या ओव्हनमध्येही भाजता आला असता, धुराशिवाय, आणि निम्म्या लोकांना कळलंही नसतं. डेनाला कळलं असतं. तिला मी शब्द दिला होता आणि खोटा खांदा तिच्यापुढे ठेवणं मला जमलं नसतं. मी खिडकीच्या आतल्या बाजूला, त्याच्या पलंगावर जाऊन बसले. खिडकी उघडी होती. बाहेरून अगदी बारीक आवाज येत होता. दुपार झाली तेव्हाही मी तिथेच होते.

७

रविवारी मी बटाट्याची कोशिंबीर नेली. दुसऱ्या घरचा खांदा नेलने तयार ठेवायला सांगितलाच होता. तो चांगला झाला होता, मी दोनदा घेतला. लोकांनी माझे हात हातात घेतले. हॉइट माझ्या समोर बसला होता. त्याने फक्त एकदा विचारलं.

"पेटली नाही का?"

"पेटवली नाही."

"बरं केलंत," असं तो म्हणाल्यासारखं मला वाटलं. पण तेवढ्यात कुणीतरी त्याच्याकडे गार चहाचा जग सरकवला, आणि मी पुन्हा विचारलं नाही.

डेना मला गाडीपाशी घेऊन गेली. तिला जिंकल्याचा आनंद नव्हता, हे मी मान्य केलं पाहिजे. ती रडली. म्हणाली की मी प्रयत्न तरी केला असता तर तिने मला शब्दातून मोकळं केलं असतं. कच्चा राहिला असता, करपला असता, काहीही. पण मी काडीसुद्धा ओढली नाही, आणि का नाही ते सांगतही नाही.

"आई, एक कारण सांग. एकच. मी ऐकून घेईन."

मी कारण शोधलं. पाऊस नव्हता. कोळसा होता. भट्टी नीट बसवलेली होती. मला पेटवायची नव्हती, असं मी म्हटलं. तिने मान हलवली आणि मला घरी सोडलं.

घर नोव्हेंबरात विकायला काढलं. पंधरा दिवसांत गिऱ्हाईक मिळालं. तरुण जोडपं आहे, वॉल्डोस्टाकडचं. बघायला आले तेव्हा बाई खोल्या मोजत होती आणि तो माणूस सरळ मागच्या ओट्यावर गेला. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. त्याने भट्टीभोवती फेरी मारली, कवचावर थाप मारली, झाकणाच्या दांड्याला हात घातला. मी दार उघडून त्याला कॉफी घेणार का असं विचारलं. तो आत आला. अशी भट्टी घ्यायची त्याची फार दिवसांची इच्छा होती, असं म्हणाला. स्वभावाने चांगला वाटला. व्हर्लनला आवडला असता.

मेकनला डेनाच्या घरामागे लाकडी ओटा आहे. भट्टी इकडे आण, असं तिचंही म्हणणं आहे. जावई उत्साही आहे, दर शनिवारी काहीतरी भाजेल. पोरांना मजा येईल. सामानाचे लोक चौदा डिसेंबरला येणार आहेत.

रोज सकाळी मी झडपेपाशी कागद धरते. एकसारखा चालतो. खंड पडत नाही. काटा तिथेच आहे.

काल दलालाचं पत्र आलं. घराच्या कागदांवर सह्या करण्याआधी त्या जोडप्याला एकच गोष्ट जाणून घ्यायची आहे: मागच्या ओट्यावरची भट्टी घराबरोबर राहणार आहे का. शुक्रवारपर्यंत कळवायचं आहे.

आज शुक्रवार आहे. मी अजून कळवलेलं नाही.